कोऱ्या भिंतीवरची सही

१२ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. मलाही हौस नव्हती. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस हे दोनदा झालंय, तिसऱ्यांदा तोंडघशी पडायची माझी तयारी नाही. पत्र निदान फाडायच्या आधी माणूस उघडून बघतो.

कामाचं आधी सांगतो. साबणाच्या कारखान्याची जागा आणि तिला चिकटलेली आपली गल्ली, दोन्ही बिल्डरच्या घशात गेली. बदल्यात तो गल्लीतल्या लोकांना तिथेच 'परवडणारी घरं' बांधून देणार आहे. हा शब्द सध्या इथे उठताबसता ऐकू येतो. कुणाला परवडणारी, असं विचारलं की सगळे छताकडे बघतात. सर्वेक्षण होऊन दारांवर नंबर पडलेत. दाराला नंबर असेल त्याला घर. ज्याची एक खोली त्याला एक खोली, ज्याच्या दोन खोल्या आतून जोडलेल्या आहेत त्याला दोन खोल्या आणि वर गॅलरी. आपल्या दाराचा नंबर एकेचाळीस. माझी पुढची खोली आणि तुझी मागची, दोन्ही मिळून एक घर अशी नोंद झाली आहे.

घोडं अडलंय एका कागदावर. आईनंतर मागच्या खोलीला तुझं नाव लागलं. म्हणून आता तू तुझ्या हाताने लिहून द्यायचंस की ती खोली भावाच्याच वापरात होती, तिला वेगळं दार नव्हतं आणि तिथे भाडेकरू कधीच नव्हता. मजकूर सोबत जोडलाय. वाचण्यासारखं त्यात काही नाही, तो उतरवून काढ, खाली सही कर आणि परत पाठव. परतीच्या पाकिटाला तिकीटही लावून ठेवलंय.

तुझी ती भाडेकरीण, हॉस्पिटलात फरशी पुसणारी, ती गेली. तिची तीच गेली. ही माणसं अशीच, आज इथे, उद्या तिथे. तू परस्पर तिच्या हातात किल्ली दिलीस आणि सहा वर्षं ती आणि तिची सासू माझ्या पाठीला पाठ लावून राहिल्या. सासू खोकायची, ते माझ्या उशाशी ऐकू यायचं. असो.

गल्ली तू आता ओळखणार नाहीस. पूर्वी भोंगा झाला की सगळी एकाच वासाची माणसं बाहेर पडायची. भांडणं व्हायची, पण एकमेकांचे बाप-आजे ठाऊक असलेल्या माणसांत व्हायची. आता एकेका खोलीत आठ आठ जण. एक पाळी झोपते, दुसरी कामावर जाते, गादी म्हणून थंड होत नाही. कुठून आलात विचारलं तर तिसऱ्याच भाषेत हसतात. नळावर यांचीच रांग, ओट्यावर यांच्याच चपला. आणि रस्त्यापलीकडे तो काचेचा टॉवर. तिथल्या कुत्र्यांनाही अंगरखे असतात. तिथल्या बाया आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्या की श्वास रोखून पुढे जातात, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. न्हाव्याच्या दुकानात आता कॉफी मिळते. मी रंगवलेला बोर्ड मात्र त्यांनी शोभेला म्हणून वर तसाच ठेवलाय. 'केश कर्तनालय' या अक्षरांखाली बसून लोक कॉफी पितात. मला शिसारी येते. खालून हे, वरून ते, आणि आपण मधल्या मधे भरडले जातोय. तेव्हा निदान दोन खोल्या आणि गॅलरी तरी मी पदरात पाडून घेणार.

आईच्या वेळचं अजून मनात धरून बसली असशील तर सोडून दे. तुझा फोन लागत नव्हता. मी हे तेव्हाही सांगितलं होतं.

मोठ्या भावाने शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. लिहिला असं समज.

दादा

२७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर पोचलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एकच ओळ, "ती आणि तिची सासू कुठे आहेत?" भाऊ जगला की मेला, याची चौकशी नाही. दहा वर्षांनी पहिलं वाक्य लिहिलंस तेही परक्या बाईसाठी. म्हणजे तिने तुला फोन केला तर. करणारच. बोलायला तोंड आहे तिला.

सुताराच्या माळ्यावर आहेत दोघी. जिना बाहेरून, लोखंडी, एका वेळी एकाच माणसाचा. सासूला खुर्चीला बांधून चौघांनी वर चढवली, ती तेव्हापासून वरच आहे. डोक्यावर पत्रा आहे. रस्त्यावर नाहीत, एवढं तुला पुरेसं असावं.

तुझ्या मनात माझ्याविषयी काय चाललं असेल ते मला ठाऊक आहे. पण एकट्या माझ्याकडे बोट दाखवू नकोस, आधी गल्लीची कहाणी ऐक. नोटीस लागली, 'एका दाराला एक घर'. झालं, गल्लीत दारांचं पीक आलं. सुताराने मोडक्या इमारतींतून जुनी दारं आणली आणि ती हातोहात गेली. ज्याच्या बापजन्मी एकच दार होतं त्याने दुसरं काढलं. शिंपिणीने तर कमाल केली. नुसत्या भिंतीला दार टांगलं, वर कडी लावली. सर्वेक्षणाचे लोक आले. त्यांनी कडी काढून दार ओढलं तर पलीकडे भिंत. शिंपीण म्हणते, "आतून बंद आहे साहेब, सासरे झोपलेत." त्यांनी लिहून घेतलं की सासरे झोपलेत. तिचे सासरे जाऊन बारा वर्षं झाली.

अशी अकरा खोटी दारं आहेत. आकडा मला पक्का ठाऊक, कारण नंबर मीच काढले. त्या लोकांना साचा लावून काढणारा पोरगा हवा होता, पण मी म्हटलं, या गल्लीत अक्षर पडेल तर माझं पडेल. ब्रश घेऊन दारोदार फिरलो. शिंपिणीच्या झोपलेल्या सासऱ्यांवरही सुबक सव्वीस काढला.

आता तुझ्या बाईचं. तिने तक्रार केली की मागच्या बोळात तिचं दार होतं आणि ते नाहीसं झालं. चौकशीला एक साहेब आला. तिशीचा, पांढरे बूट, नाकाला रुमाल. सगळी गल्ली बोळाच्या तोंडाशी जमली, पण एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. कसा फुटेल? अकरा जणांची दारं मला ठाऊक होती, म्हणून तिचं एक दार कुणालाच ठाऊक नव्हतं. उरलेले म्हणाले, बाहेरच्या बाईसाठी आपण कशाला वाईटपणा घ्या.

साहेबाने विचारलं, "दार कुठे होतं?"

"इथे," तिने हात ठेवून दाखवलं.

साहेबाने भिंत बघितली. हात फिरवला. जुनी ओल, धुराचे डाग, पाइपाखालचा हिरवा ओघळ, सगळं जिथल्या तिथे. म्हणाला, "बाई, ही भिंत माझ्या वयापेक्षा मोठी आहे." मला त्या क्षणी, काय सांगू, बरं वाटलं.

ती खाली उकिडवी बसली, कमरेचं ओलं फडकं काढलं आणि भिंतीचा तळ पुसू लागली. सवयच तिची, कुठेही बसली की आधी पुसते. कोपऱ्यातली धूळ निघाली आणि खाली उजवीकडे माझी सही दिसली.

चाळीस वर्षं बोर्ड रंगवतोय. काम संपलं की उजव्या कोपऱ्यात बारीक सही, मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये. हात आपला आपण जातो. भिंतीचं काम संपलं, मी मागे सरून बघितलं, आणि मेल्या हाताने सही ठोकली. माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

साहेब वाकून बघत म्हणाला, "काका, कोऱ्या भिंतीवर कोण सही करतं?"

मी म्हटलं, "सवय."

"कसली सवय?"

त्याला संशय आला, पण भिंत फोडायला दुसऱ्या खात्याचा हुकूम लागतो आणि तिथे पत्र जाऊन यायला वर्ष. म्हणून त्याने सोपी वाट काढली. खोली बहिणीच्या नावावर आहे ना, मग बहिणीने लिहून द्यावं. तिने लिहून दिलं तर फाईल बंद. सुनावणी अठ्ठावीस मार्चला आहे. माझ्या एका सहीने घोळ केला, तुझ्या एका सहीने निस्तरेल.

तर हो, भिंत मी रंगवली. दार वापरात नव्हतं, म्हणून बुजवलं. यापलीकडे त्यात काही नाही. सही पाठव.

दादा

१२ मार्च

धाकटे,

तू गप्प. मी रोज पोस्टमनची वाट बघतोय. तुझी बाई रोज माझ्या दारावरून कामाला जाते. तीही गप्प. तिने एकदा तोंडावर शिवी हासडली असती तर मला दोन घास सुखाने गेले असते.

परवा बिल्डरच्या ऑफिसात नव्या इमारतीची प्रतिकृती बघायला गेलो. पुठ्ठ्याची इमारत, स्पंजाची झाडं, काडीएवढी माणसं. पुढे टॉवर, त्याला काचेचं मोठं दार, कारंजं. आपली इमारत त्याच्या पाठीमागे. आपलं फाटक मागच्या गल्लीतून, कचऱ्याच्या पेट्या ठेवायच्या जागेला लागून. मधे उंच भिंत, म्हणजे आपली पोरं त्यांच्या हिरवळीवर जायला नकोत. तिथली मुलगी गोड आवाजात समजावत होती, "काका, तुमची लिफ्ट पण वेगळी आहे. म्हणजे तुम्हाला ताटकळायला नको." मी म्हटलं, "बाळ, आम्हाला ताटकळायची सवय आहे, वास घ्यायची नाही." ती हसली. मी विनोद केला असं वाटलं तिला.

येताना कॉफीच्या दुकानासमोर एक जोडपं माझ्या बोर्डाचा फोटो काढत होतं. तोंडातून निघून गेलं, "हा मी रंगवलाय." दुकानाच्या मालकिणीने हात धरून आत नेलं, खुर्ची दिली, फुकट कॉफी दिली. "आम्हाला या भागातली जुनी माणसं जपायची आहेत," म्हणाली. ज्या न्हाव्याचं ते दुकान त्याला दोन वर्षांपूर्वी भाडं दुप्पट करून हाकललं, तो आता शहराबाहेर कुठल्याशा पुलाखाली आरसा टांगून बसतो. माणूस गेला, बोर्ड जपला. मी दोन घोट घेतले आणि बाहेर येऊन गटारात ओकलो.

ओकारी कॉफीमुळे झाली असं मी दोन दिवस स्वतःला सांगत राहिलो. तिसऱ्या दिवशी चहा पिऊनही तेच झालं. म्हणून आता लिहितो.

तुझी भाडेकरीण तिची ती गेली नाही. सासू आजारी पडली म्हणून तिला घेऊन हॉस्पिटलात गेली, ती जिथे फरशी पुसते तिथेच. जाताना माझ्या दारात आली. "काका, चार-पाच दिवस लागतील. खोलीकडे लक्ष ठेवाल ना?" मी मान हलवली.

तिला नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं, शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली की आठवड्याच्या आत सर्वेक्षण. तिसऱ्या दिवशी मी तिचं कुलूप तोडलं. एक खाट, दोन गाठोडी, स्टोव्ह आणि औषधांचा एक डबा, एवढाच तिचा संसार. तो उचलून सुताराच्या पडवीत ठेवला, वर चादर टाकली. आई गेल्यावर आपण घातलेली मधली भिंत दाराएवढी फोडली. तिच्याच विटा मागच्या दाराच्या चौकटीत बसवल्या, नेमक्या पुरल्या. गिलावा शेगडी लावून वाळवला. मग रंग. नव्या भिंतीवर चाळीस वर्षांचा मळ चढवायचा म्हणजे खायचं काम नाही. पिवडी, काजळी, चहाचं पाणी, किंचित गेरू. ओघळ वरून खाली येताना कुठे दाट होतो, कुठे विरतो, ते शेजारच्या भिंतीपुढे बसून शिकलो. उभ्या जन्मात माझ्या हातून इतकं चांगलं काम झालं नव्हतं. किळस यायची ती याचीच येते, की तेव्हा मी खूश होतो. ब्रश धुताना चक्क शीळ घालत होतो.

सातव्या दिवशी सर्वेक्षणाचे लोक आले. बोळात कुणी वळलंसुद्धा नाही.

नवव्या दिवशी दुपारी ती सासूला हाताला धरून परत आली. मी मागच्या खोलीतच होतो, विटांच्या आतल्या बाजूला. तिच्या चपला बोळात शिरल्या, थांबल्या. पुढे गेल्या, परत आल्या. मग किल्ली भिंतीवर घासल्याचा आवाज आला. अंधारात कुलूप चाचपडावं तसा, पण भर दुपारी.

सासू म्हणाली, "अगं, गल्ली चुकलो आपण."

"हो आई, चुकलो बहुतेक," ती म्हणाली आणि सासूला घेऊन बोळाच्या तोंडाशी गेली, पाट्या वाचल्या असतील, आणि पुन्हा आली. पुन्हा त्याच जागी उभी राहिली. मी श्वास रोखून उभा होतो, त्या टॉवरवाल्या बायांसारखा.

आता लिहायलाच बसलोय तर तेही लिहून टाकतो. आईच्या वेळी तुझा फोन लागत नव्हता हे खोटं. मी लावलाच नव्हता. ती दोन दिवस तुला हाक मारत होती. तू आलीस तर खोलीचं बोलणं निघेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सगळं उरकल्यावर कळवलं. बोलणं मात्र टळलं नाही, मागची खोली तू घेतलीसच. बोलणं बंद झालं ते आपलं.

सगळं सांगून झालं. तरीही सही कर. मी नीच आहे हे मला कळलं म्हणून मला घर नको झालंय असं नाही. बासष्ट वय आहे, हात थरथरायला लागलाय, बोर्ड आता यंत्रावर छापून येतात. तू लिहून दिलं नाहीस तर खोटी माहिती दिली म्हणून माझाही नंबर जाईल. अठ्ठावीस तारीख लक्षात ठेव.

दादा

२५ मार्च

धाकटे,

तुझं पाकीट आलं. मजकूर तुझ्या अक्षरात, खाली सही, तारीख, साक्षीदार म्हणून शेजारणीचीही सही. तुझं काम पहिल्यापासून नेटकं. सोबत चिठ्ठी, "मला त्या घरातलं काही नको. सही केली. आता पत्रं थांबव."

मी कागद दोनदा वाचला. जिंकलो म्हणून शिंपिणीकडे जाऊन चहा पिऊन आलो. ती म्हणाली, "सख्खी बहीण ती सख्खीच हो." मी हो म्हटलं. घरी आलो आणि त्या कागदाकडे बघवेना.

तुला सगळं ठाऊक होतं. बाईने फोनवर सांगितलं होतं, वर मी माझ्या हाताने लिहिलं होतं, किल्लीच्या आवाजासकट. ते वाचून तू पेन उचललंस आणि लिहिलंस की तिथे कुणी राहत नव्हतं. सहा वर्षं दर महिन्याला जिने तुला न चुकता भाडं पाठवलं, ती नव्हतीच म्हणे. म्हणजे एका बाईचं दार देऊन तू माझी पत्रं थांबवलीस. इतका त्रास होता माझ्या पत्रांचा?

मला वाटलं होतं तू शिव्या घालशील. पाकीट उघडताना मी पाठवलेल्या कागदाचे तुकडे निघतील असं धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचीच वाट बघत होतो. माझ्या हातून सुटत नव्हतं, ते तू ओढून घेशील असं वाटलं होतं. आपल्या घरात एक तरी माणूस सरळ आहे, या भरवशावर मी एवढी वर्षं वाकडा राहिलो. आईच्या वेळच्या माझ्या एका लबाडीपायी तू या घराकडे पाठ फिरवलीस, त्याचा मला राग होता आणि आतून अभिमानही होता. आता तूही माझ्याच रांगेत येऊन उभी राहिलीस.

तुझी किळस आली. मग लक्षात आलं की हात तुझा असला तरी लिहून घेणारा मी आहे. मजकूरसुद्धा माझाच.

दादा

३ एप्रिल

धाकटे,

पत्रं थांबव म्हणालीस. हे शेवटचं.

सत्तावीसला सकाळी नऊ वाजता छिन्नी-हातोडा घेऊन बोळात गेलो. पहिला घाव त्या हिरव्या ओघळावर घातला. तो जपायचा मोह नको म्हणून. गल्ली जमली. सुतार बघत उभा राहिला, ज्याच्याकडे माझ्याहून बरा हातोडा आहे. शिंपीण धावत आली, "अहो, डोकं फिरलं का तुमचं? तुमचं दार उघडलं की आमचीही उघडतील."

मी म्हटलं, "तुमचे सासरे झोपू देत. मी काही बोलणार नाही."

हेही काही शोभणारं बोलणं नव्हतं, पण त्या वेळी तेवढीच हिंमत उरली होती. विटा सुट्या व्हायला दुपार झाली. मग चौकट दिसली, तिच्या आत तुझं दार, कडीला मी तोडलेल्या कुलपाची खूण. कुणी एक वीट उचलून बाजूला ठेवली नाही. म्हणाले, "आपलं घर बाहेरच्याला देतोय म्हातारा."

दुसऱ्या दिवशी सुनावणी. साहेबाने हात पुढे केला, "काका, कागद आणलात?"

"आणलाय. देणार नाही. दार आहे, मी बुजवलं होतं, काल उघडलंय."

त्याने पेन खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता. "अहो, मिटत आलेली फाईल तुम्ही उकरताय. असं करतं का कुणी?" मग वही ओढून लिहायला लागला. खोटी माहिती दिली म्हणून एकेचाळीस रद्द. चौकशी होईल, मग बघू. मागची खोली स्वतंत्र, कब्जा त्या बाईचा, नंबर एकेचाळीस-अ. मान वर न करता म्हणाला, "आजच्या आज दारावर नंबर काढून घ्या. नंबर काढायला कोण आहे?" पान उलटून बघितलं. "तुम्हीच की."

ती बाजूलाच उभी होती. आभार मानेल असं मला वाटलं नव्हतं, तरी कान तिकडे होते. बाहेर आल्यावर म्हणाली, "काका, आधी तुमचं सामान काढा. मग मधली भिंत पुन्हा घाला. मी बघत उभी राहते." आणि खरंच उभी राहिली, कामावर खाडा करून, शेवटची वीट बसेपर्यंत. एकदाच बोलली, "तिथे फट राहिलीय." राहिली होती. बुजवली.

संध्याकाळी सासूला खुर्चीला बांधून माळ्यावरून उतरवली. सुतार होता, मी होतो, आणि ती आठ जणांच्या खोलीतली दोन पोरं आली, ज्यांना मी कधी नाव विचारलं नाही. खुर्ची दाराशी ठेवली. नंबराचा रंग अजून ओला होता. म्हातारीने दाराकडे बघितलं. मग सुनेचा हात धरून म्हणाली, "इथे नको गं. हे दार जातं."

सून म्हणाली, "आता नाही जाणार, आई." म्हातारीने मान हलवली आणि पाय चौकटीच्या आत घेईना. तासभर तिची समजूत काढत होत्या. मी तिथे उभा राहिलो तर ती आत जाणार नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी पुढच्या बाजूला निघून आलो, तेव्हा गेली.

माझं काय, ते चौकशीत ठरेल. बहुतेक काही मिळणार नाही. गल्लीत कुणी बोलत नाही. शिंपिणीने चहा बंद केला. पुढच्या महिन्यात पाडापाडी सुरू होईल, तोवर एका खोलीत आहे. रात्री म्हातारी खोकते आणि मी ऐकतो. मला हलकं वगैरे काही वाटत नाही. आरशात बघितलं की अजून किळस येते, फक्त आता ओकारी होत नाही.

तुझा कागद सोबत परत पाठवतोय. इथेच फाडणार होतो, पण सही तुझी आहे. माझी मी काढली, छिन्नीने, तळाच्या विटेसकट. तुझी तू फाड. फाडलास की कळवू नकोस. न फाडता ठेवून दिलास तर तेही कळवू नकोस. फाडला असशील, असं धरून मला राहू दे.

दादा